देखावा, दृश्य, दर्शन, दर्शनी: कुठे काय वापरायचं?

ताम्हण: एका छोट्या प्रदर्शनासाठी मराठी पाट्या लिहितेय. विषय आहे शहर कसं दिसतं आणि चित्रात, फोटोत, नकाशात ते कसं दाखवलं जातं. मुंबईवरच्या एका पाटीवर मी ‘ओव्हल मैदानावरून दिसणारा पश्चिमेकडच्या इमारतींचा देखावा’ असं लिहिलं होतं, तर तपासणाऱ्यांनी देखावावर काट मारली, म्हणाले देखावा म्हणजे खोटं, वरवरचं, तिथे ‘दृश्य’ करा. मला पटलेलं नाही, पण नुसतं पटत नाही म्हणून भागत नाही ना, कारण द्यावं लागतं. शिवाय पर्स्पेक्टिव्हला, म्हणजे सपाट चित्रात जवळचं-लांबचं दाखवायच्या रीतीला, काय लिहू? कुठे यथादर्शन दिसतं, कुठे यथार्थदर्शन, कुठे परिप्रेक्ष्य. आणि फसाडला, म्हणजे इमारतीच्या पुढच्या बाजूला, ‘दर्शनी भाग’ चालेल का? लवकर सांगा प्लीज, पाट्या शुक्रवारी छापायला जातायत.

खडूफळा: देखावा अजिबात बदलू नका ताई. मी शाळेत चित्रकला शिकवतो, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुलं बसवतो. आमच्या लहानपणी घनभूमितीच्या तासाला फळ्यावर ‘समोरील देखावा’ आणि ‘वरील देखावा’ असंच लिहिलेलं असायचं, त्यात खोटं काहीच नव्हतं, उलट माप जरा चुकलं तरी मार्क जायचे. आणि ‘पावसाळ्यातला देखावा काढा’ म्हटल्यावर खोटा पाऊस काढा असं कुठल्या पोराला वाटतं? देखावा म्हणजे एका जागी उभं राहिल्यावर समोर जे मांडलेलं दिसतं ते. त्यात बघणारा आला आणि त्याची उभं राहायची जागाही आली. दृश्य हा शब्द त्या मानाने मोघम आहे, डोळ्याला दिसण्याजोगं जे जे काही ते सगळं दृश्य, मग ते बघायला तिथे कोणी असो नाहीतर नसो. तुमच्या वाक्यात ‘मैदानावरून’ आहे, म्हणजे जागा ठरलेली आहे, तिथे देखावाच बसतो.

पडवी: देखावाला खोटेपणाचा अर्थ नाही असं मात्र म्हणता येणार नाही. ‘मदतीचा नुसता देखावा केला’ हे आपण रोज म्हणतो. पण मला वाटतं इथे सगळी गंमत क्रियापदात आहे. देखावा ‘करणे’ म्हणजे सोंग. देखावा काढणे, मांडणे, उभारणे, साकारणे यात कुठेच सोंग नाही. पुण्यात गणपतीत लोक रात्र रात्र देखावे बघत फिरतात, हलता देखावा, जिवंत देखावा, पौराणिक देखावा, मंडळाने देखावा ‘केला’ असं सहसा कोणी म्हणत नाही, ‘यंदा अमुकचा देखावा उभा केलाय’ म्हणतात. हिंदीतल्या दिखावाला मुख्यतः ढोंगाचाच अर्थ उरलाय आणि आपण दिवसभर हिंदी ऐकतो, त्यामुळे देखावाही तिकडे ओढला जातोय असं मला वाटतं. मूळ देखणे या क्रियापदाचं तर आता बोलण्यात काही उरलंच नाही, ज्ञानेश्वरीत ते पानोपानी भेटतं, आज आपल्याकडे देखणा, देखरेख, डोळ्यांदेखत एवढेच त्याचे वारस. त्यातला देखावा हा सगळ्यात धडधाकट शब्द आहे, तोही आपणच आखडून टाकायचा का?

अजून एक. संगीत नाटकांचे रंगवलेले पडदे आठवा, राजवाडा, उपवन, रस्ता, त्यांनाही देखावेच म्हणत. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी सिनेमाकडे वळण्याआधी असे पडदे रंगवले, सपाट कापडावर लांबच लांब महाल उभा राहायचा. प्रेक्षकाला कापड आहे हे माहीत असतं आणि महालही दिसत असतो, दोन्ही एकदम. फसवणूक म्हणजे काही हे नव्हे.

ताम्हण: क्रियापदाचा मुद्दा एकदम पटला, तपासणाऱ्यांना हाच सांगते. आता पर्स्पेक्टिव्हचं बघा ना कोणीतरी, पाटीवर इटलीतल्या ब्रुनेलेस्की या वास्तुकाराचा उल्लेख आहे, तिथे नेमकं अडलंय.

खडूफळा: शाळेत आम्ही यथार्थदर्शन म्हणतो पण माझं मत यथादर्शनला. यथार्थ म्हटलं की हेच खरं आणि बाकीचं चूक असा वास येतो, यथादर्शन म्हणजे जसं दिसतं तसं, एवढंच, जास्त दावा नाही. आणि तुमच्या ब्रुनेलेस्कीचा प्रयोग नीट बघितला तर हा फरक कळतो. फ्लॉरेन्समध्ये, पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला, त्याने कॅथीड्रलच्या दारातून समोरच्या बाप्तिस्म्याच्या इमारतीचं चित्र एका फळीवर काढलं आणि फळीला भोक पाडलं. बघणाऱ्याने फळीच्या मागून त्या भोकाला एक डोळा लावायचा, समोर आरसा धरायचा आणि आरशात चित्र बघायचं. आकाश त्याने रंगवलंच नव्हतं, तिथे चकचकीत चांदी लावली होती, म्हणजे खरे ढग तिच्यात उमटून सरकताना दिसायचे. चित्र हुबेहूब वाटायचं, पण कधी, तर एकच डोळा, एकच जागा, मान हलवायची नाही. त्याच्याच काळातल्या अल्बर्टी या वास्तुकाराने १४३५ मध्ये चित्रकलेवरच्या ग्रंथात ही रीत लिहून काढली. आता इतक्या अटी घातल्यावर जे दिसतं त्याला यथार्थ कसं म्हणायचं?

वर्गात रोज बघतो मी हे. टेबलावर घागर ठेवली, वस्तुचित्र काढा म्हटलं की मुलं तोंड छान लंबवर्तुळ काढतात आणि बूड मात्र पट्टीने ओढल्यासारखं सरळ, का तर घागर टेबलावर सपाट बसलीय हे त्यांना माहीत असतं. माहीत आहे ते काढतात, दिसतं ते नाही. मग मी घागरीपाशी नेतो, एक डोळा मिटायला लावतो, पेन्सिल हात लांब करून आडवी धरायची आणि बुडाची कड पेन्सिलीच्या किती खाली झुकतेय ते बघायचं. नजरेच्या पातळीपासून जितकं खाली जाल तितकं ते लंबवर्तुळ फुगत जातं, म्हणून बूड तोंडापेक्षा जास्त गोलसर काढावं लागतं. मोठ्या माणसांनाही हे पहिल्यांदा दिसतं तेव्हा ती दचकतात.

पडवी: सर, याच मुद्द्यावर वारली चित्रं घ्या. तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्यावरच्या नाचाचं चित्र, गोल गोल वेटोळं, ते वेटोळं वरून दिसतंय तसं आणि त्यातली माणसं समोरून दिसतात तशी, दोन त्रिकोणांची. लांब जाणाऱ्या रेषा जिथे मिळतात तो लोपबिंदू नाही, क्षितिजरेषा नाही आणि तरी नाच कसा फिरतोय, कोण कोणाच्या हातात हात घालून आहे, तारपावाला कुठे आहे हे सगळं एका नजरेत कळतं. यथार्थदर्शन हा शब्द मान्य केला तर वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांचं चित्र अयथार्थ ठरतं, आणि तसं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. यथादर्शनला माझंही अनुमोदन. परिप्रेक्ष्य मात्र इथे नको, ते ‘सामाजिक परिप्रेक्ष्यात’ वगैरे लेखांत ठीक आहे, चित्राच्या पाटीवर वाचणारा तिथेच अडखळेल.

ओळंबा: उशिरा आलो. आर्किटेक्ट आहे, साइटवरची भाषा सांगतो. दर्शनी भाग बरोबर आहे, दर्शनी भिंत पण चालेल, पण साइटवर कोणाच्याही तोंडात ते नसतं, मिस्त्रीपासून मालकापर्यंत सगळे एलिवेशनच म्हणतात, ‘एलिवेशनला जरा काहीतरी करा’ म्हणजे पुढच्या बाजूला पट्टे, जाळी, क्लॅडिंग लावा. आता खरी गोष्ट अशी की एलिवेशन हे ड्रॉइंग आहे, भिंत नाही, आणि ते असं ड्रॉइंग आहे की जे कुठल्याच माणसाला प्रत्यक्षात तसं दिसत नाही. त्यात दहाव्या मजल्याची खिडकी आणि तळमजल्याची खिडकी सारख्याच मापाच्या, कारण तिथे डोळा कुठेच ठेवलेला नाही. रस्त्यावर उभं राहून मान वर केली की वरच्या खिडक्या चेपत जातात आणि बाजूच्या उभ्या कडाही एकमेकींकडे झुकल्यासारख्या वाटतात. म्हणून पाटीवर ड्रॉइंग असेल तर एलिवेशन राहू द्या आणि इमारतीचा फोटो असेल तर दर्शनी भाग लिहा, दोन्हीला एकच शब्द वापरलात तर गोंधळ होईल.

दर्शनी शब्द मला आवडतो कारण त्यात दर्शन आहे, आणि दर्शन किती जवळून किती लांबून याचा हिशोब आपल्याकडे आधीपासून आहे. पंढरपूरला पदस्पर्शदर्शनाची रांग वेगळी, मुखदर्शनाची वेगळी, आणि ज्याला गर्दीत आत जाता येत नाही तो बाहेरूनच कळसदर्शन घेतो. कळस उंच असतो तो लांबून नजरेच्या टप्प्यात यावा म्हणूनही. उलट पुण्यातल्या जुन्या वाड्यांत बाहेरून बघाल तर जाडजूड भिंत, दिंडी दरवाजा, थोड्या खिडक्या, सगळं देखणेपण आत चौकात. विश्रामबागवाडा वेगळा वाटतो तो त्यामुळेच, १८०७ च्या सुमाराचा तो, आणि सुरूचे खांब, कोरीव लाकडी सज्जा हे सगळं त्याने रस्त्याकडे तोंड करून मांडलंय. अशा इमारतीला दर्शनी भाग म्हणणं शोभतं.

ओव्हलबद्दल तर लिहाच. पूर्वेला टोकदार कमानींच्या गॉथिक शैलीची रांग, हायकोर्ट, विद्यापीठ, १८७८ चा राजाबाई टॉवर, आणि पश्चिमेला १९३० च्या दशकातल्या भराव जमिनीवरच्या आर्ट डेको शैलीतल्या इमारती. दोन्ही मिळून २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्या. टॉवरचं डिझाइन जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचं, तो मुंबईत कधी आलाच नाही, लंडनमध्ये बसून काढलं. पण हे दोन्ही देखावे आपल्याला मिळतात ते मधल्या मोकळ्या मैदानामुळे. हाच टॉवर एखाद्या गल्लीत असता तर पायथा आणि वर थोडं आभाळ, एवढंच दिसलं असतं. तुमच्या पाटीत ‘मैदानावरून’ हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा आहे, तो काटू देऊ नका.

ताम्हण: ओळंबादादा, मग बिल्डरच्या होर्डिंगवर असतात त्या चित्रांना काय म्हणू? प्रदर्शनात एक भिंत त्यांचीच आहे.

ओळंबा: कल्पनाचित्र. इंग्रजीत खाली बारीक अक्षरात ‘आर्टिस्ट्स इम्प्रेशन’ असं जे लिहितात त्याला हाच शब्द नेमका. ती चित्रं नीट बघा, क्षितिजरेषा कुठे ठेवलीय ते बघा. गुडघ्याएवढ्या उंचीवर ठेवली की टॉवर अंगावर येतो, भव्य वाटतो. रस्त्यावर एक वायर नाही, टपरी नाही, शेजारची बिल्डिंग गायब, आणि गाड्यांचं स्टीअरिंग डाव्या बाजूला कारण गाड्यांचं रेडीमेड मॉडेल परदेशातून उचललेलं. इथे मात्र तुमच्या तपासणाऱ्यांचा ‘देखावा करणे’ तंतोतंत लागू पडतो. घर घेणारा माणूस आयुष्याची कमाई त्या चित्रावर लावतो हो, मला हे फार टोचतं. घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १२ मध्ये जाहिरातीतल्या किंवा नमुना फ्लॅटमधल्या खोट्या माहितीमुळे नुकसान झालं तर भरपाईची सोय आहे, पाटीवर एक ओळ त्याची पण टाका, बघणाऱ्यांच्या उपयोगी पडेल.

पडवी: अजून एक, तुमच्या मसुद्यात ‘चित्रांतून शहराचं प्रतिनिधित्व’ असं असेल तर ते आधी काढा. प्रतिनिधित्व म्हटलं की आमदार डोळ्यासमोर येतो. ‘चित्रण’ लिहा, साधं आहे आणि सगळ्यांना कळतं.

ताम्हण: होतं, दोन ठिकाणी होतं, काढलं. आता ओव्हलची पाटी अशी केलीय, बघा बरं: ‘मैदानाच्या मधोमध उभे राहा. पूर्वेकडे गॉथिक, पश्चिमेकडे आर्ट डेको, असे दोन काळांचे देखावे एकाच जागेवरून पाहता येतात. कोणत्याही इमारतीचा दर्शनी भाग पूर्ण दिसण्यासाठी समोर मोकळी जागा लागते.’

खडूफळा: झकास. फक्त ‘एकाच जागेवरून’च्या आधी ‘मान वळवून’ घाला, दोन्ही बाजू एकदम दिसत नाहीत, पाठ फिरवावी लागते.

ताम्हण: घातलं. छापायला देते.