हिल्टन ऑफ कॅडबॉलची शिळा: गावाची की संग्रहालयाची?

शिळोपा: स्कॉटलंडच्या हिल्टन ऑफ कॅडबॉल या गावची, इसवी सन 800 च्या सुमारास पिक्ट या तिथल्या प्राचीन लोकांनी कोरलेली ही शिळा सुरक्षिततेसाठी एडिंबरोच्या संग्रहालयातच राहावी. गावाजवळ बॅरी ग्रोव्ह यांनी घडवलेली प्रतिकृती उभी आहे. गावकऱ्यांनी तेवढ्यावर समाधान मानावे.

तांबडी माती: ‘समाधान मानावे’ हे वाचून राहवले नाही. 1921 मध्ये हीच शिळा लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला दिली गेली, तेव्हा स्कॉटलंडमध्ये गदारोळ उठला आणि ती एडिंबरोला परत आणावी लागली. लंडनविरुद्ध जो युक्तिवाद एडिंबरोला शोभला, तोच उत्तर स्कॉटलंडमधील ईस्टर रॉसच्या किनाऱ्यावरील या खेड्याने केला की भाबडा कसा ठरतो? शिवाय 2001 मध्ये तिचा तुटलेला तळभाग तिथल्या चॅपलपाशीच जमिनीतून निघाला. आमच्या गावची एक मूर्ती ‘सुरक्षिततेसाठी’ नेली गेली, ती आज गोदामात धूळ खात पडली आहे. त्यामुळे या शब्दावर माझा विश्वास उरलेला नाही.

शिळोपा: आपल्या गावच्या मूर्तीचा राग एडिंबरोवर काढू नये. 1676 मध्ये या शिळेवरचा क्रूस तासून तिथे अलेक्झांडर डफ नावाच्या एका गृहस्थाचा आणि त्याच्या तीन बायकांचा मृत्युलेख कोरला गेला, तो त्याच परिसरात. पुन्हा उघड्यावर ठेवली, तर उरलेले नक्षीकाम समुद्रावरचा वारा खाईल.

रानपाखरू: आपण मालकीवरून भांडत आहात, पण शिळेवरच्या शिकारीच्या दृश्यातील घोड्यावर एका बाजूला पाय सोडून बसलेल्या स्त्रीकडे कोणी पाहतच नाही! तिच्याजवळ आरसा आणि फणी कोरलेली आहे, मागे दोन कर्णेवाले आहेत. ती राणीच असली पाहिजे. बायकांचे कर्तृत्व दिसले की अभ्यासकांना एकाएकी शंका सुचतात, हा माझा जुना अनुभव आहे.

शिळोपा: आरसा-फणी हे चिन्ह असे आहे की ज्या शिळांवर माणसाची आकृतीच नाही, त्यांवरही ते आढळते. त्यावरून राणी ठरवणे ही निव्वळ कल्पना आहे.

रानपाखरू: मग शिळेवरच्या चंद्रकोर आणि मोडका बाण या चिन्हांचा अर्थ तरी आपल्याला पिक्टांनी कानात सांगितला आहे काय? शिकारीच्या दृश्यात शिल्पकाराने तिलाच ठळकपणे बसवले, एवढे तर डोळ्यांना दिसते.

शिळोपा: ती मानाची स्त्री असावी, एवढे मान्य. राज्याभिषेक मात्र आपण परस्पर उरकलात.

तांबडी माती: राणीला मान देऊन झाला असेल, तर मूळ प्रश्नाकडे वळू. शिळा उघड्यावर ठेवा असे मी कुठेही म्हटलेले नाही. तळभाग शेजारच्याच बॅलिंटोर गावच्या सभागृहात छपराखाली व्यवस्थित नांदतो आहे. वरचा भागही तिथे का नांदू नये, याचे उत्तर अजून आलेले नाही.