रँक-एल देऊनही ऑस्टिओक्लास्ट जुळत नाहीत, जुळले तर हाड खात नाहीत

पेशीवेध:
६ ते ८ आठवड्यांच्या उंदरांच्या मांडीच्या आणि नडगीच्या हाडांतल्या मज्जेपासून ऑस्टिओक्लास्ट, म्हणजे अनेक पेशी जुळून होणाऱ्या, हाड खाणाऱ्या पेशी, बनवतो आहे. मज्जा धुऊन काढली की सगळ्या पेशी थेट ९६ वेलच्या प्लेटमध्ये, वेलमागे १ लाख. अल्फा-एमईएम माध्यम, १० टक्के सीरम, पहिल्या दिवसापासून एम-सीएसएफ (पेशी जगवणारा वाढघटक) ३० आणि रँक-एल (त्यांना ऑस्टिओक्लास्ट व्हायला सांगणारं प्रथिन) ५० नॅनोग्रॅम प्रति मिली. सातव्या दिवशी ट्रॅप स्टेन (ऑस्टिओक्लास्टमधलं ट्रॅप एंझाइम लाल दाखवणारा). लाल पेशी भरपूर, पण जवळपास सगळ्या एकाच केंद्रकाच्या. एका बॅचमध्ये मोठ्या पेशी मिळाल्या, त्या ट्रिप्सिनने सोडवून डेंटिनच्या (दाताच्या, हाडासारख्या ऊतीच्या) चकत्यांवर टाकल्या, तर एकही खड्डा नाही. चूक कुठे असावी?
दुसरं, आम्ही तपासत असलेलं संयुग ऑस्टिओक्लास्टची संख्या कमी करतं, म्हणून हाड वाढवतं, असं यावरून म्हणता येईल का?

सूक्ष्मदर्शी:
लाल रंग आला म्हणजे रँक-एलचा संदेश पोचला आहे. रँक-एल रिसेप्टरला चिकटला की ट्रॅफ-६, एनएफ-कप्पा-बी आणि सी-फॉस या संदेशवाहक प्रथिनांच्या वाटेने एनएफएटीसी-१ हा ऑस्टिओक्लास्टची जनुकं चालू करणारा घटक जागा होतो. कॅल्शियमच्या लाटा त्याला धरून ठेवतात आणि पुढे तो स्वतःचंच उत्पादन वाढवतो. ट्रॅप एंझाइम पेशी जुळण्याआधीच दिसू लागतं. डीसी-स्टॅम्प या पेशीपटलावरच्या प्रथिनाच्या मदतीने पेशी एकमेकींत मिसळण्याची पायरी त्यानंतरची, आणि तुमची गाडी बहुधा तिथे अडली आहे. त्यामुळे रँक-एलचा डोस वाढवत बसू नका.

मज्जा दोन टप्प्यांत वापरा. पहिली रात्र साध्या कल्चर डिशमध्ये थोड्या एम-सीएसएफसह ठेवा आणि दुसऱ्या दिवशी फक्त तरंगणाऱ्या पेशी उचला. तळाला चिकटलेल्या स्ट्रोमल पेशी (मज्जेच्या आधारपेशी) ऑस्टिओप्रोटेजेरिन हे प्रथिन सोडतात, ते रँक-एलला मधल्यामध्ये पकडतं. उचललेल्या पेशींना ३ दिवस फक्त एम-सीएसएफ ३०. याच काळात त्यांच्यावर रँक रिसेप्टर चढतो, म्हणून ही पायरी गाळू नका. मग चिकटलेले मॅक्रोफेज (यांच्यापासूनच ऑस्टिओक्लास्ट बनतात) ईडीटीएने सोडवून वेलमागे १० ते १५ हजार पेरा आणि दोन्ही घटक द्या. दर २ दिवसांनी ताजं माध्यम, ताजे घटक. वेलमागे १ लाख ही फार गर्दी झाली: मॅक्रोफेज एम-सीएसएफ पिऊन संपवतात आणि माध्यम पिवळं पडतं.

रँक-एल दिल्यापासून तिसऱ्या दिवशी जुळणी दिसू लागते, चौथ्या-पाचव्या दिवशी भर असतो, पुढे मोठ्या पेशी पटापट मरतात. सातव्या दिवशी एकदाच पाहिलं तर त्या बनल्याच नाहीत की बनून मेल्या, हे कळत नाही. मेल्या असतील तर तळावर मोठाल्या फिकट कडा उरलेल्या दिसतात. तिसऱ्या दिवसापासून रोज पाहा, आणि मोजताना ३ किंवा अधिक केंद्रकांच्याच पेशी धरा.

पेशीवेध:
त्याऐवजी रॉ २६४.७ (उंदराच्या मॅक्रोफेजसारख्या, सतत वाढणाऱ्या तयार पेशी) वापरल्या तर? त्यांना एम-सीएसएफ लागत नाही.

सूक्ष्मदर्शी:
चालतील, पण कमी पॅसेजच्याच (कमी वेळा नव्या डिशमध्ये हलवलेल्या) घ्या. जुन्या पेशींची जुळण्याची क्षमता जाते. पेरणी आणखी विरळ हवी, कारण त्या वाढतच राहतात. आणि संयुगात एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या आवरणातलं विष) आहे का ते आधी तपासा. रँक-एलच्या आधी एंडोटॉक्सिन लागलं तर ऑस्टिओक्लास्ट बनणं थांबतं, नंतर लागलं तर उलट वाढतं. दूषित नमुना त्यामुळे हुबेहूब औषधासारखा वागतो.

चुनखडी:
खड्ड्यांबद्दल. तयार ऑस्टिओक्लास्ट ट्रिप्सिनने उचलले की फाटतात, त्यांचा आकारच तसा. मॅक्रोफेज चकतीवरच पेरा आणि रँक-एल तिथेच द्या. प्लास्टिकपेक्षा जास्त दिवस लागतील.

मग माध्यमाचा पीएच पाहा. बरेच जण हा मोजतच नाहीत. ७.४ ला उंदराचे ऑस्टिओक्लास्ट जवळजवळ निजलेले असतात, ७.० च्या आसपास कामाला लागतात. पेशी तयार झाल्यावर माध्यमात लिटरमागे सुमारे १० मिलीमोल हायड्रोक्लोरिक आम्ल घाला, आणि इन्क्युबेटरमध्ये स्थिरावल्यावर पुन्हा मोजा.

मोठी आणि लाल पेशी खाणारी असेलच असं नाही. अल्फा-व्ही-बीटा-३ इंटिग्रिनने ती हाडाला घट्ट चिकटते, ॲक्टिनचं कडं करून आतली जागा बंद करते. मग प्रोटॉन पंप आणि सीएलसी-७ हा क्लोराइड-प्रोटॉन अदलाबदल करणारा वाहक मिळून तिथला पीएच साधारण ४.५ पर्यंत उतरवतात. खनिज विरघळतं, उघडं पडलेलं कोलॅजेन कॅथेप्सिन-के हे एंझाइम कापतं. कॅल्शियम फॉस्फेटच्या लेपाच्या तयार प्लेटमध्ये कोलॅजेनच नसतं, तिथे फक्त आम्ल काढण्याची चाचणी होते. डेंटिन सोडू नका. शेवटी सोनिकेटरने पेशी काढून टोल्युइडिन ब्लूने खड्डे रंगवा आणि क्षेत्रफळ मोजा.

अस्थिचक्र:
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्पष्टपणे 'नाही' असंच आहे. माणसात एका जागेचं हाड खाल्लं जायला सुमारे ३ आठवडे लागतात, भरून यायला ३-४ महिने, आणि ही दोन कामं एकमेकांना बांधलेली आहेत. खाल्लेल्या हाडातून टीजीएफ-बीटा हा वाढघटक सुटतो, आणि ऑस्टिओक्लास्ट स्वतःही हाड बांधणाऱ्या पेशींना संदेश देतात. सीएलसी-७ च्या दोषाने होणाऱ्या ऑस्टिओपेट्रोसिसमध्ये (हाड वाजवीपेक्षा दाट होण्याच्या आजारात) न खाणारे ऑस्टिओक्लास्ट खूप असतात, तरी हाड बनणं घटत नाही. याउलट डेनोसुमॅब हे ठिसूळ हाडांवरचं औषध, दर ६ महिन्यांनी ६० मिलिग्रॅम, रँक-एलच अडवतं. त्यात हाड खाण्याचे आणि बांधण्याचे दोन्ही निर्देशक खाली येतात. घनता वाढते हे खरं, पण दुसरं औषध न देता ते थांबवलं तर हाडाची झीज उसळी घेते आणि मणके मोडू शकतात.

म्हणून आधी फक्त एम-सीएसएफवरच्या मॅक्रोफेजवर संयुगाची विषारीपणाची चाचणी करा. पेशी मेल्यानेही संख्या घटतेच. मग संयुग रँक-एलनंतर ०, १, २, ३ दिवसांनी द्या, म्हणजे कोणती पायरी अडते ते दिसेल. ऑस्टिओब्लास्टमध्ये (हाड बांधणाऱ्या पेशींत) रँक-एल आणि ऑस्टिओप्रोटेजेरिनचं गुणोत्तर मोजा. हाड वाढतं असं म्हणायचंच असेल तर अंडाशय काढलेल्या उंदरांत मायक्रो-सीटी, रक्तातले सीटीएक्स (हाड खाण्याचा निर्देशक) आणि पी१एनपी (हाड बांधण्याचा), आणि कॅल्सिन या चमकणाऱ्या रंगाचे दोन डोस देऊन नव्या हाडाच्या दोन रेषांमधलं अंतर, एवढं हातात हवं. तोवर शोधनिबंधात 'ऑस्टिओक्लास्ट बनणं कमी होतं' इतकंच लिहा.