पोस्टर कोणी लावलं?

बी ७०४: सेक्रेटरी साहेब, लिफ्टमधलं रविवारच्या रेकी शिबिराचं (तळहातातून ऊर्जा देऊन बरं करतात म्हणे, ते) पोस्टर कोणाला विचारून लागलं? 'वैद्यकीय चाचण्यांतून सिद्ध' असं छापलंय. आई ते वाचून वर आली आणि म्हणते, शुगरची गोळी बंद करून बघू का? मागच्या वर्षीचा प्रकार पुन्हा नको.

ए १०२: हॉलचं भाडं घेतलं का?

सी ४०१: ताई, मागच्या वर्षी चुंबकाच्या गाद्या होत्या. रेकीत कोणी काही विकत नाही. माझी दुसरी लेव्हल झालीय. अमेरिकेत हॉस्पिटलांत देतात रेकी.

बी ३०५: देतात काका. पण चाचण्यांत काय निघालं तेही सांगा की. थेरप्युटिक टच म्हणजे रेकीची चुलत बहीणच, अंगावरून हात फिरवताना ऊर्जा हाताला जाणवते म्हणतात. एमिली रोझा या ९ वर्षांच्या मुलीने पुठ्ठ्याचा पडदा मध्ये धरून २१ हीलर बसवले. तिचा हात आपल्या कोणत्या हातावर आहे, एवढंच ओळखायचं. २८० पैकी १२३ वेळा बरोबर. नाणं उडवलं असतं तरी जास्त आलं असतं! १९९८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलने छापलंय.

सी ४०१: आता चौथीतल्या पोरी शिकवणार आम्हाला.

ए ६०१: थोडी ऊर्जा गच्चीवरच्या टाकीलाही द्या. सकाळी ७ नंतर थेंब नाही 😀

ए १०२: हॉलचं भाडं घेतलं का?

डी २०३: मी इथे सहसा लिहीत नाही. माझी केमो चालू होती तेव्हा ४०१ च्या वहिनी दर बुधवारी येऊन तासभर डोक्यावर हात ठेवून बसायच्या. फक्त त्या रात्री झोप लागायची. चेष्टा नको.

ए ६०१: सॉरी काकू. मी टाकीचं म्हणत होतो.

बी ३०५: काकू, तुम्हाला बरं वाटलं ते खरंच. केमो घेणाऱ्या १८९ जणांवर अशीच चाचणी झाली, २०११ मध्ये छापून आली. काहींना रेकी, काहींना रेकीची नुसती नक्कल, बाकीच्यांना नेहमीचेच उपचार. रेकीवाल्यांना बरं वाटलं, नक्कलवाल्यांनाही वाटलं. कोणीतरी शेजारी निवांत बसलं, त्याचाच गुण असणार. तळहातातून काही वाहतं, हे त्यातून निघत नाही.

सी ४०१: म्हणजे आमची ही नक्कल करत होती?

बी ३०५: असं कुठे म्हटलं काका!

सी ४०१: पार्किंगच्या मीटिंगपासून तुमचा रोख कळतोय.

सेक्रेटरी: कृपया वैयक्तिक होऊ नये 🙏 शिबिर होईल. 'सिद्ध' वाल्या ओळीवर कागद चिकटवतो. 'डॉक्टरांची औषधे बंद करू नयेत' असंही लिहायला सांगतो.

बी ७०४: आणि तोंडाने सांगतील ते? आईबरोबर मीही येऊन बसणार आहे.

सी ४०१: अवश्य या. चहा आहे.

ए १०२: हॉलचं भाडं?

सेक्रेटरी: सभासदांचाच कार्यक्रम, म्हणून निम्मं घेतलं.

ए १०२: नातवाच्या बारशाला माझ्याकडून पूर्ण घेतलंत. पावती आहे. फोटो टाकतो.