बाराबंदी शिवताना काखेत ओढ बसते, पुढची कड उघडी पडते

प्रश्न – नवी_सुई
शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी पांढरी बाराबंदी, म्हणजे बटणांऐवजी बारा बंदांनी (कापडी नाड्यांनी) बांधायचा आखूड अंगरखा, शिवायची आहे. छाती ४०, दंड १३ इंच. नेहमीच्या सदऱ्यासारखा गोल मुंढा (बाही जोडायची कड) ठेवून मांजरपाटाची कच्ची प्रत शिवली. हात वर केला की सगळा कपडा वर चढतो आणि काखेत ओढ बसते. छातीवरची तिरकी कडही फुगून उघडी पडते. मूळ कापड अजून कापलेलं नाही : सुती, ४४ इंच पन्हा (रुंदी), अडीच मीटर. पुरेल का? बंद कुठे लावू?

उत्तर – काजबटण
मुंढा गोल कापलात, दोष तिथेच आहे. बाराबंदीत मुंढा सरळ आणि बाहीही सरळच कापायची. हात हलायला जागा देते ती बगल, म्हणजे काखेतला चौकोनी तुकडा. तयार ४ इंचांचा हवा, तेव्हा शिवणीसाठी चहूबाजूंनी अर्धा इंच धरून ५ बाय ५ कापा. अंगात घातल्यावर हा चौकोन कर्णावर उभा राहतो, ओढ उरेब, म्हणजे धाग्यांना तिरकी, पडते आणि कापड तेवढं ताण देतं.

आधी खांदे जोडा. मग कपडा सपाट पसरून बाहीचा मध्य खांद्याच्या शिवणीवर ठेवा आणि बाही लावा. टीप दोन्ही टोकांना कडेच्या अर्धा इंच अलीकडे थांबवा. बगलेची एक बाजू बाहीच्या पुढच्या कडेला, लगतची बाजू पुढच्या भागाच्या कडेला, उरलेल्या दोन तशाच मागे. बाहीची आणि बाजूची लांब शिवण सर्वांत शेवटी. कोपऱ्यात टीप एक टाका जरी पुढे गेली तरी चुणी पडते, ती इस्त्रीने जात नाही. तिथले शेवटचे चार टाके हातानेच घाला.

उत्तर – पन्हा४४
अडीच मीटर पुरतं. पाठ २३ बाय ३०, पुढचे दोन भाग प्रत्येकी २० बाय ३०, बाह्या १८ बाय २४. पाठ आणि एक पुढचा भाग शेजारी बसतात, दुसरा भाग आणि एक बाही त्याखाली, उरलेली बाही शेवटी. बगला आणि बंद बाहीशेजारच्या कापडातून निघतात. ३६ पन्हा असता तर सव्वातीन मीटर लागलं असतं.

कापण्याआधी कापड रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा. सुती कापड ५ टक्के आटलं, तरी ३० इंचांत दीड इंच जातो.

तिरक्या कडेला गोट (काठाची पट्टी) म्हणून उरेब पट्टी लावा, छान वळते.

उत्तर – काजबटण
उरेब पट्टी गळ्याच्या गोलाईला ठीक, छातीवरच्या कडेला अजिबात नको. ती कड मुळातच उरेब, त्यावर उरेब पट्टी म्हणजे दोन्ही ताणणार. तुमची कड फुगतेय ती उरेब असल्यामुळेच. कापल्याबरोबर, कपडा उचलण्याआधी, कडेलगत धावदोरा घाला. नंतर आतून उभ्या धाग्याची पट्टी लावा, कडेपेक्षा अर्धा इंच आखूड, आणि कड तिच्यात सामावून घ्या.

उत्तर – दोरा_सुती
बंद बारा, म्हणजे जोड्या सहा. दोन जोड्या आत ठेवा, त्या खालचा पदर (आत जाणारा पुढचा भाग) धरतात, चार बाहेर. आतल्या कमी केल्या तर खालचा पदर घसरतो आणि वरचा ओढला जातो.

पट्ट्या उभ्या धाग्यात, पावणेदोन इंच रुंद, १० इंच लांब. दोन्ही कडा आत घेऊन मधोमध दुमडल्या की अर्ध्या इंचाच्या आत बंद तयार होतो. बंद तुटत नाही, तो लावलेल्या जागचं कापड फाटतं. म्हणून मागून इंचभर कापडाचा तुकडा ठेवा आणि बंदाचं टोक चौकोनात चारी बाजूंनी शिवा.

दोरा सुतीच घ्या. शिवणयंत्र आपल्याकडे आलं १९व्या शतकाच्या उत्तरार्धात, शिवकाळातली शिवण हातचीच; म्हणून लांब शिवणी यंत्रावर घातल्या तरी गळा, काठ आणि बंद हाताने शिवा. बाहेरून दिसतं ते तेवढंच.

जानेवारीत सोलापूरला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज (मानाच्या उंच काठ्या) पेलणारे पांढऱ्या बाराबंदीत असतात. जवळून पाहता आलं तर काखेकडे आणि बंदांकडे बघा.