कॅरमचा सामना अर्धवट राहिला, १८० रुपये कसे वाटायचे?

रामबागची मावशी (इंदूर)
घरात भाचा आणि पुतण्या यांची जुंपली आहे. दोघांनी नव्वद-नव्वद रुपये काढून ठेवले होते. आधी तीन डाव मारेल त्याचे सगळे, मग छप्पनला (आमची इथली खाऊगल्ली) जाऊन खोपरा पॅटिस. भाचा २-१ ने पुढे असताना लाइट गेली ती रात्रभर, आणि सकाळी पुतण्या उज्जैनला परत. भाचा म्हणतो, माझे दोन, त्याचा एक, तर १२०-६०. पुतण्या फोनवर म्हणतो, सामना झालाच नाही, माझे नव्वद द्या. आजोबांचं तिसरंच : जुगाराचा पैसा, देवापुढे ठेवा! पैसे माझ्या डब्यात आहेत. नववीतल्या पोराला पटेल असं कोणी सांगेल का?

जुना मास्तर
मावशी, झालेले डाव विसरा, राहिलेले बघा. चौथा डाव भाच्याने मारला तर १८० त्याचे. हरला तर २-२, म्हणजे नव्वद-नव्वद. म्हणजे काही झालं तरी नव्वद त्याचेच. भांडण उरलेल्या नव्वदचं. दोघं तोडीस तोड असतील तर त्याचे निम्मे करा : १३५-४५.
भाच्यासारखीच वाटणी, जिंकलेल्या डावांच्या प्रमाणात, पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ मध्ये छापली होती. १६५४ मध्ये पास्कलने फर्माला (दोघे फ्रेंच गणितज्ञ) लिहिलेल्या पत्रात तुमचाच २-१ चा डाव आहे. पैसे ६४ पिस्तोल (तेव्हाची सोन्याची नाणी), वाटणी ४८-१६.

रामबागची मावशी
भाचा खूश, पंधरा वाढले ना! आता म्हणतो, मी तर तीनातले दोन डाव मारतोच.

आकडेमोड
तसं असेल तर पुतण्याला पुढचे दोन्ही डाव मारावे लागतील, त्याची शक्यता १/३ × १/३ = १/९. त्याला २० रुपये, भाच्याला १६०.
गंमत उलट बाजूने आहे. भाच्याची एक डाव जिंकण्याची शक्यता प धरा. त्याचा वाटा १८० × (१ − (१−प)²). हे १२० व्हायचं तर (१−प)² = १/३, म्हणजे प जवळपास ०.४२. थोडक्यात, १२०-६० मागणारा भाचा स्वतःलाच कच्चा खेळाडू ठरवत होता 😄 आणि पुतण्याची नव्वद-नव्वद खरी ठरायला प ०.२९ पर्यंत उतरायला हवा. त्याला विचारा, भाचा इतका वाईट खेळतो का?

रामबागची मावशी
विचारलं. "हो, खेळतो" म्हणाला. मी १३५-४५ वर ठाम आहे, भाच्याची फुशारकी मोजायला माझ्याकडे वही नाही.

जुना मास्तर
बरोबर. फक्त चौथ्या डावाचा ब्रेक कोणाचा होता? कॅरममध्ये ब्रेकवाल्याला जरा फायदा असतो, निम्मे-निम्मे तिथेच हलतं.

रामबागची मावशी
पुतण्याचा. अहो मास्तर, हे त्याला कळू देऊ नका.