मुलगी पनवेलजवळ राहून रोज फोर्टला जाणार, लोकलचा पास कुठला काढायचा?

साखळीकर
नमस्कार मंडळी. मुलीला मुंबईत फोर्टमध्ये तीन महिन्यांची इंटर्नशिप मिळालीय, येत्या सोमवारी जॉईन व्हायचंय. राहणार माझ्या बहिणीकडे कामोठ्याला, स्टेशन मानसरोवर. मुंबईत रूमचं भाडं आपल्याला झेपणारं नाही आणि आत्याकडे असली की हिच्या आईला रात्री झोप तरी लागेल. आता प्रश्न पासचा. मला पासातलं एवढंच कळतं की इथं गोव्यात कदंबचा पास काढला तर तो कदंबात चालतो, घाई झाली आणि खासगी बसमध्ये चढलो तर परत तिकीट काढावं लागतं. लोकलचं वाचायला बसलो तर सेकंड, फर्स्ट, महिन्याचा, तीन महिन्यांचा, वर एकजण म्हणाला टुरिस्ट तिकीट काढा, डोकं फिरलं. बहीण घरीच असते, तिला रोजच्या प्रवासाची माहिती नाही. ऑफिस सकाळी दहाला, शनिवार-रविवार सुट्टी. कॉलेजचं आयकार्ड अजून आहे तिच्याकडे, तर विद्यार्थी सवलत मिळते का? आणि पास मानसरोवर ते सीएसएमटी असाच काढायचा ना? हे विचारायची गरज नाही बहुतेक, तरी विचारतो.

फोंडेकर_पनवेल
साखळीकर, तुम्ही जे गरज नाही म्हणून शेवटी विचारलंत ना तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. पास मानसरोवरचा काढू नका, पनवेल ते सीएसएमटी काढा. कारण सांगतो. हार्बर लाईनची लोकल पनवेलहून सुटते, मग खांदेश्वर, मग मानसरोवर. तिसरंच स्टेशन, पण सकाळी आठच्या सुमाराला मानसरोवरला गाडी येते तेव्हा बसायच्या जागा भरलेल्या असतात, आणि पुढे सीएसएमटीपर्यंत सव्वा तासाच्या आसपास लागतो, तेवढा वेळ रोज उभं राहून तीन महिने काढायचे म्हणजे पोरीचे पाय दुखून येतील. म्हणून इकडचे लोक काय करतात, मानसरोवरहून आधी उलटं पनवेलकडे जाणारी गाडी पकडतात, ती पनवेलला पोचली की तिथून सुटणाऱ्या गाडीत जागा धरतात, कधी तीच गाडी परत फिरते मग उठायचंही नाही. दहा-पंधरा मिनिटं जास्त जातात पण बसून जाता येतं. आता पास जर मानसरोवरपासून असेल तर मानसरोवर ते पनवेल हा तुकडा विनातिकीट झाला. दोन स्टेशनांचा पासच्या पैशात पडणारा फरक दंडाच्या मानाने काहीच नाही, कमीत कमी दंडच २५० रुपये आहे आणि वर भाडं वेगळं.

टुरिस्ट तिकीट विसरा, ते एक, तीन नाहीतर पाच दिवसांचं असतं, फिरायला आलेल्यांसाठी. विद्यार्थी सवलतही नाही मिळणार, ती घराजवळचं स्टेशन ते कॉलेजजवळचं स्टेशन एवढ्यासाठीच असते आणि कॉलेजचा फॉर्म लागतो, ऑफिसला जायला नाही चालत. उगाच आयकार्ड दाखवून काउंटरवर वाद घालायला लावू नका तिला.

महिन्याचा सेकंड क्लासचा पास ढोबळमानाने पंधराएक वेळच्या तिकिटाच्या पैशात पडतो, म्हणजे आठ दिवस जाऊन-येऊन केलं की वसूल. तिचे महिन्याला बावीस दिवस भरतील, मग रोज तिकीट काढत बसायचा विषयच नाही.

डिचोलीची_माई
वरच्या भाऊंचं शंभर टक्के खरं. मी लग्नाआधी दोन वर्षं खांदेश्वरला राहून नोकरी केली, मलाही कुणी हे सांगितलं नव्हतं, पास खांदेश्वरचा काढला आणि सगळ्याजणी उलटं जातात म्हणून मीपण जायला लागले. तिसऱ्या आठवड्यात टीसीबाईंनी धरलं. पास हातात धरून मी सांगतेय की पास आहे माझ्याकडे, त्या शांतपणे पासावरचं स्टेशनचं नाव बोटाने दाखवतायत. पर्समध्ये तीनशे होते, संध्याकाळी घरी जायला रिक्षाचे पैसे मैत्रिणीकडून घेतले. खूप रडायला आलं तेव्हा. म्हणून पासावर "पासून" आणि "पर्यंत" काय छापलंय ते काउंटर सोडायच्या आधी वाचायला सांगा, वयही बघायला सांगा.

फर्स्ट क्लासबद्दल माझं मत, नको. पैसे कितीतरी जास्त आणि लेडीज फर्स्ट क्लासचा डबा एवढासा असतो, गर्दीच्या वेळी त्यातपण उभंच राहावं लागतं आणि रात्री उशीर झाला तर त्यात दोन-तीन बायका. सेकंडच्या लेडीज डब्यात सोबत असते, रात्री नऊनंतर पोलीसही असतो. चढलं की पहिलं काम म्हणजे बसलेल्या बायकांना विचारायचं, कुठं उतरणार? कुणी म्हणते वाशी, कुणी कुर्ला. जी वाशी म्हणाली तिची जागा आपली, मग मधे दुसरी कुणी आली तरी ती बाई स्वतःच सांगते, हिला दिलीय. पहिल्या दिवशी विचारायला लाज वाटेल, तिला सांगा लाजू नको, सगळ्या विचारतात. कुर्ल्याला सेंट्रल लाईनची गाडी बदलणाऱ्या उतरतात तेव्हा डबा बराच मोकळा होतो.

संध्याकाळी चिंता नाही, सीएसएमटीहूनच गाडी सुटते. हार्बर एक आणि दोन नंबरला लागते. फक्त इंडिकेटरवर पनवेल आहे का बघून चढायचं, वाशी आणि बेलापूरच्यापण गाड्या असतात, त्यात बसली तर मधेच उतरावं लागेल.

थिवीवाला
थोडं वेगळं मत. तीन महिने नक्की असतील तर सरळ तीन महिन्यांचाच पास काढा की, तो तीन पट नसतो, महिन्याच्या २.७ पट असतो, शिवाय दर महिन्याला लाईनीत उभं राहायची कटकट नाही. मोबाईलवर पण निघतो हल्ली, रेलवन अ‍ॅपवर. आणि फोर्टला ऑफिस असेल तर बेस्टच्या (मुंबईच्या सिटी बसच्या) पासची गरज नाही, सीएसएमटीहून हुतात्मा चौकापर्यंत चालत दहा-पंधरा मिनिटं. मेट्रोत हा पास चालत नाही हे पण सांगून ठेवा, सीएसएमटीला मेट्रोचं स्टेशन झालंय ना, नवी मुलं जातात सरळ आत.

फोंडेकर_पनवेल
थिवीवाले, तुमचा हिशेब बरोबर आहे पण पहिला महिना महिन्याचाच काढावा असं माझं म्हणणं. ०.३ पटीसाठी अडकून का पडायचं, समजा वीस दिवसांनी पोरीला कामोठ्याहून जमेना आणि चेंबूरकडे एखादं हॉस्टेल मिळालं तर पनवेलच्या तीन महिन्यांच्या पासचं काय करणार. पास तिच्या नावावर, आत्याच्या मुलीला देऊनपण चालत नाही. अ‍ॅपवर काढला तर एकच लक्षात ठेवायचं, टीसीसमोर मोबाईल बंद पडला की पास नसल्यातच जमा. मी अजून कागदाचाच काढतो आणि आयकार्डासोबत प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवतो. पास काढताना ज्या आयकार्डचा नंबर दिला ते कार्ड रोज जवळ हवं.

साखळीकर
सगळ्यांचे मनापासून आभार. मी खरंच मानसरोवरचाच काढायला सांगणार होतो, बहिणीला फोन करून स्टेशनचं नावही नीट विचारून घेतलं होतं. आता पनवेल ते सीएसएमटी, सेकंड क्लास, एक महिना, कागदाचा. माई, तुमचं टीसीचं वाचून हिला दाखवलं, ती म्हणाली बरं झालं विचारलंत.
अजून एक. शुक्रवारी रात्री थिवीहून कोकणकन्येने आम्ही दोघं येतोय, पहाटे पनवेलला उतरणार. मी सोमवारी सकाळी तिच्यासोबत ऑफिसच्या दारापर्यंत जाईन म्हणतो. की आधी एकदा रविवारी जाऊन रस्ता बघून यावा?

थिवीवाला
उतरल्या उतरल्या तिकीट खिडकीवर पास काढून टाका, सोमवारच्या गर्दीत नको. आणि पुढे कधी कोकणकन्या नाहीतर मांडवी समोर उभी दिसली म्हणून लोकलच्या पासावर त्यात चढायचं नाही, हे तिला आत्ताच सांगा. आपल्या गोंयची गाडी म्हणून पाय वळतो.

डिचोलीची_माई
रविवारी नको हो बाबा, हार्बरला रविवारी मेगाब्लॉक असतो, गाड्या मधेच थांबवतात आणि पहिल्याच दिवशी ती घाबरून जाईल. शनिवारी जा, दुपारची झोप झाल्यावर. उलटं पनवेलला जाणं, जागा धरणं, सीएसएमटीला उतरून ऑफिसपर्यंत चालणं, सगळं एकदा करून घ्या. आणि सोमवारी तुम्ही जनरल डब्यात बसा, तिला एकटीला लेडीज डब्यात चढू द्या. सीएसएमटीला प्लॅटफॉर्मवर भेटा.

साखळीकर
हे बरं सुचवलंत. शनिवारी जातो. देव बरें करूं.