ओरडण्यालाही व्याकरण होतं

पिट म्हणजे बाजारातली पायऱ्यांची जागा, जिथे ब्रोकर उभे राहून ओरडून आणि हाताच्या खुणांनी सौदे करायचे. तिथे नुसता गोंधळ असायचा, असं बरेच जण म्हणतात. ते मला अजिबात पटत नाही. १९९० च्या दशकात मी शिकागो बोर्ड ऑफ ट्रेड या सौद्यांच्या बाजारात सोयाबीन पिटपाशी रनर, म्हणजे ऑर्डर पिटपर्यंत पोचवणारा, होतो. तळवा स्वतःकडे म्हणजे खरेदी, समोर म्हणजे विक्री. घेणारा आधी भाव सांगायचा, मग संख्या. विकणारा नेमकं उलट. एक कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे एक सौदा, ५००० बुशेलचं (बुशेल हे धान्याचं माप), ऐकण्यात चूक परवडायचीच नाही! आमच्या एका ब्रोकरचा आवाज कायमचा बसलेला. मधाचं गरम पाणी पिऊन पुन्हा पायरीवर उभा राहायचा. जुलै २०१५ मध्ये तिथले बहुतेक फ्युचर्स (पुढच्या तारखेच्या सौद्यांचे) पिट बंद झाले, तेव्हा मला त्याचीच फार आठवण आली.